अंगठ्याएवढा दिवा

प्रतीक्षा रस्त्याच्या कडेला उभी होती — एक डोळा मिटून, उजवा हात सरळ पुढं ताणून, अंगठा वर करून. आता तुम्हीच सांगा, हैदराबादकडं जाणाऱ्या हमरस्त्यावर, जळकोटजवळ, भर दुपारी एखादी पोरगी अशी उभी दिसली तर येणाऱ्या-जाणाऱ्यानं काय समजायचं? तिच्या अगदी पुढ्यात एक मोटरसायकल येऊन थांबली.

“कुठं जायचंय?”

“कुठंच न्हाय,” मिटलेला डोळा न उघडता ती म्हणाली. “बाजूला व्हा आधी. बोर्ड झाकायलाव तुमी.”

मोटरसायकलवाल्यानं मागं वळून पाहिलं. रस्त्यापलीकडं ढाबा होता, ढाब्यावर ‘हॉटेल मल्हार’ असा नवाकोरा बोर्ड होता, आणि शिडीवर उभे असलेले एक गृहस्थ ब्रश कानावर खोचून थेट त्याच्याकडंच बघत होते. ते बलभीम पेंटर, प्रतीक्षाचे वडील. त्यानं मुकाट्यानं गाडी चार हात पुढं घेतली.

“मला वाटलं... लिफ्ट पाहिजे.”

“लिफ्ट मागणारं माणूस डोळा मिटतंय व्हय?”

“म्हणून तर थांबलो. म्हटलं, डोळा मारतंय कुणीतरी.”

प्रतीक्षानं हात खाली घेतला, दोन्ही डोळे उघडले आणि याची चांगली खरडपट्टी काढायची म्हणून वळली. तर तो हेल्मेट काढून, भुरभुरत्या पावसात भिजत, खरंच ओशाळून उभा होता. डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं, मिशी अजून यायची की नाही या विचारात, आणि हसू मात्र अगदी मोकळं. वाईट नव्हता. पण पहिल्याच भेटीत असं कबूल करायला प्रतीक्षा काय वेडी होती?

“बोर्ड तपासायले मी,” ती जरा मऊ आवाजात म्हणाली. “असा अंगठा धरायचा आन् मागं मागं सरकत जायचं. बोर्ड नखाएवढा दिसला की थांबायचं. तेवढ्यात वाचता आलं तर पास. एसटीच्या खिडकीतनं माणसाला तेवढंच दिसतंय. एक घोट गिळूपर्यंत दिसतंय, मग गेलं.”

तो तिच्याकडं बघत राहिला, मग बोर्डाकडं, मग स्वतःच्या अंगठ्याकडं.

“काय झालं?”

“दोन महिने झाले,” तो म्हणाला, “मला नेमकं हेच जमत नाहीये.”

चहाचं निमंत्रण बलभीम पेंटरांनीच शिडीवरून दिलं. पोरगीशी रस्त्यावर उभं राहून बोलणाऱ्या पोराला समोर बसवून बघावं, एवढा साधा हिशेब.

त्याचं नाव गुरुप्रसाद. तुळजापूरचा. वडील, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, शाळेत कारकून होते, नुकतेच निवृत्त झालेले. खाली तात्यांची सकाळ-संध्याकाळ आरती, आणि वर माडीवर हा दोन वर्षं एकटाच बसून काय करतोय? तर भुताचा गेम!

“देवीच्या गावात बसून भुतं?” प्रतीक्षानं बशीत चहा ओतता ओतता विचारलं.

“देवी हाकेच्या अंतरावर आहे म्हणून तर धीर होतो. नाहीतर मी लई भित्रा माणूस आहे.”

गेमचं नाव ‘तळ’. धरणात बुडालेलं एक गाव. सगळी माणसं उठून गेली, गाव पाण्याखाली गेलं. खूप वर्षांनी एक मुलगी त्या पाण्यात उतरते, कारण जाताना घरातल्या एकाला हाक मारायची राहून गेली होती... ऐकता ऐकता प्रतीक्षाच्या हातावर काटा आला. सांगत होता मात्र असं, की अजून ऐकावंसं वाटत होतं.

“गोष्ट झ्याक हाय की. मग अडलंय कुठं?”

अडलं होतं ते चित्रावर. जगभरातले गेम विकणारं एक मोठं ऑनलाइन दुकान असतं. ऐन नवरात्रात तिथं भीतीच्या गेमचा उत्सव भरणार होता. शेकडो गेम ओळीनं मांडलेले, आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक चित्र, नखाएवढं. म्हणून त्याला म्हणतातच थंबनेल. त्यावर कुणी बोट ठेवलं तर पुढची गोष्ट, नाहीतर दोन वर्षांच्या मेहनतीवरून जगाचं बोट सरकून जाणार. याचं पान दुकानात लागून बारा दिवस झाले होते. तिघांनी गेम आपल्या ‘घ्यायचाय’च्या यादीत टाकला होता. त्यातला एक मावसभाऊ.

“तात्यांनी दसऱ्यापर्यंत मुदत दिलीय,” तो हळूच म्हणाला. “लोकांनी विचारलं तर ठीक. नाहीतर हैदराबादच्या कंपनीचं पत्र येऊन पडलंय, एक तारखेला हजर व्हायचं. तिकडं गेलो की ‘तळ’ काही पुरा होत नाही. ते मला पक्कं माहितीय.”

त्यानं मोबाइल पुढं केला. प्रतीक्षानं चित्र पाहिलं. वडाचं झाड, झाडावर वटवाघळं, वर चंद्र, खाली धरणाची भिंत, भिंतीवर केस सोडलेली म्हातारी, तिच्या मागं पडकं घर, घरातून येणारे हात, आणि सगळ्यांवर रक्त ठिबकणारी अक्षरं. ती आधी गालात हसली, मग पदर... नव्हे, ओढणी तोंडावर धरून हसली.

“हसायला काय झालं? भुताचं चित्र आहे ते!”

“अवो, ह्यो तर वाढदिवसाचा फ्लेक्स झाला! कुणी रुसू नये म्हणून सगळ्यांचे फोटो टाकल्यात. वडाचं झाड रुसणार व्हतं का वटवाघूळ?”

शिडीखाली बसलेले बलभीम पेंटरसुद्धा खोकण्याचं निमित्त करून हसले. गुरुप्रसादचा चेहरा पडला, आणि मग तोही हसायला लागला. त्याला हसताना पाहून प्रतीक्षाला उगीचच वाटलं, हैदराबाद फार लांब आहे.

“तुम्ही काढाल?”

“मी? मला भुतं येत न्हाईत. ढाब्याचे बोर्ड, दुकानाच्या पाट्या, लग्नाचे फलक, एवढंच.”

“भुतं नकोतच,” तो म्हणाला. “मला तुमचा अंगठा पाहिजे.”

बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला. बलभीम पेंटरांनी चहाचा कप जरा जोरातच खाली ठेवला.

मग त्याची मोटरसायकल दर दोन-तीन दिवसांनी जळकोटला दिसू लागली. चाळीसेक किलोमीटर यायचं, चाळीसेक जायचं, आणि कारण काय, तर “रंग कुठवर आला बघायला.” फोनवर फोटो पाठवता आला असता. पण ही गोष्ट दोघांपैकी एकाच्याही तोंडून कधी निघाली नाही.

पहिलं चित्र पार फसलं. फ्लेक्सवर माणसाचा चेहरा उजळून द्यायची सवय हाताला. प्रतीक्षानं म्हातारीच्या भुताचाही चेहरा उजळला, आणि ती बया सरपंचपदाला उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. गुरुप्रसाद हसून हसून पेंटरांच्या दुकानाच्या पायरीवर बसला. “हिला मत देईन मी,” म्हणाला. “पण हिला भिणार नाही.”

“मग मला सांगा, भीती दिसते कशी?”

“ते मलाही कुठं माहितीय? माकणीच्या धरणावर जातोय शनिवारी, पाण्याचा आवाज टिपायला. तुम्ही पाणी बघाल का एकदा?”

योगायोग बघा, माकणीला मच्छीमारांचा एक बोर्ड बसवायचा बलभीम पेंटरांकडं पंधरा दिवस पडूनच होता. तो नेमका शनिवारी बसवायचं ठरलं. ठरवलं कुणी, ते विचारू नका.

सास्तूर मागं टाकून टेम्पो माकणीला पोचला तेव्हा उन्हं उतरणीला लागली होती. परतीच्या पावसानं धरण काठोकाठ भरलेलं. काठावर जाळी वाळत होती, ओल्या मातीला सोयाबीनच्या काडाचा वास होता. आणि गुरुप्रसाद, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाण्यात उभा होता. हातात काठी, काठीला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला माइक.

तिला बघून त्यानं ओठांवर बोट ठेवलं. ती जिथल्या तिथं थांबली. त्यानं कानावरचा हेडफोन काढला आणि तिच्या कानांवर ठेवला. असा ठेवला की बोटं केसांना लागू नयेत, आणि तरी एक बट अडकलीच.

पाणी दगडांशी बोलत होतं. इतकं जवळून तिनं ते कधी ऐकलं नव्हतं. चुळुक... चुळुक... आणि मधेच काहीतरी बारीक किणकिणलं.

“हे काय वाजलं?”

“तुमचं पैंजण. आत्ता पाय हलवलात ना.”

“आगं बाई. पुसून टाका ते.”

“नको,” तो म्हणाला. “राहू दे. खेळणाऱ्या कुणाला कळणार नाही. मला तेवढं कळेल.”

प्रतीक्षा पाण्याकडं बघत राहिली. छातीत काहीतरी धडधडत होतं आणि माइक अजून चालू आहे की काय, या काळजीनं ती अर्धी झाली होती.

“तुम्हाला कधी भीती वाटलीय?” त्यानं विचारलं. “खरीखुरी?”

तिनं आठवून पाहिलं. “लहानपणी मला दारातल्या चपला मोजायची खोड व्हती. आमी घरात तिघं. एकदा सांजच्याला बघितलं तर चपलांचे जोड चार. घरात सगळं जिथल्या तिथं, आई भाकरी थापायली, दादा, म्हंजे आमचे वडील, पेपर वाचायले... आन् दारात एक जोड जास्त. आतल्या खोलीत जायला पायच उचलना.”

“मग?”

“मग काय, आत्या आली व्हती.”

दोघंही खळखळून हसले. हसू ओसरल्यावर मात्र गुरुप्रसाद स्वतःशीच म्हणाला, “सगळं जिथल्या तिथं... आणि एकच गोष्ट चुकलेली.”

“व्हय. वटवाघळं न्हाय, रक्त न्हाय. एकच चूक. ती दिसंना झाली तर चित्र फुकट, आन् दुसरं काही दिसलं तरीबी फुकट.”

सूर्य पाण्याला टेकला. काठावर दोघं शेजारी उभे होते, मधे चांगलं हातभर अंतर राखून. बलभीम पेंटर पन्नास पावलांवर खिळे ठोकत होते, तेव्हा अंतर राखणं भागच होतं. पण खाली पाण्यात एक लाट आली आणि दोघांची प्रतिबिंबं एकमेकांत मिसळून गेली. दोघांनीही ते पाहिलं. दोघांनीही पाहिलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी प्रतीक्षानं दोन फुटी पत्रा काढला आणि कामाला लागली. काठावर उभी एक मुलगी, अंगानं बारीक, पाठमोरी. खाली काळ्या-निळ्या पाण्यात तिचं प्रतिबिंब. मागं काही नाही, पुढं काही नाही. मुलीच्या हातात एक पिवळा दिवा द्यायचा, बस्स. चूक कोणती दाखवायची ते मात्र अजून सुचत नव्हतं. उत्सवाला तीन दिवस उरले होते, आणि गुरुप्रसाद चार वाजता येणार होता.

पिवळा रंग पेंटर शेवटी लावतात. पाणी अजून ओलसर होतं, त्यावर मनगट फिरू नये म्हणून तिनं पत्रा उलटा केला, वरचं खाली, खालचं वर. बलभीम पेंटरांनी शिकवलेली रीत. अक्षरंसुद्धा ती अशी उलटी रंगवायची आणि कधी चुकायची नाही. पण त्या दिवशी लक्ष कुठं होतं थाऱ्यावर? नळदुर्गच्या बाजूनं मोटरसायकल वाजली की मान वळायची. मोटरसायकल पुढं निघून गेली की परत ब्रश. पत्र्यावर आडव्या धरलेल्या काठीवर मनगट टेकवून तिनं वरच्या मुलीच्या हातात सुरेख दिवा काढला, कडेनं थोडा उजेड सोडला, आणि पत्रा सुलटा केला.

दिवा पाण्यात होता.

काठावरच्या मुलीचा हात रिकामा, आणि पाण्यातल्या मुलीच्या हातात दिवा! उलट्या पत्र्यावर जी वर होती ती प्रतिबिंबातली, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. शिवाय पिवळा रंग ओल्या निळ्यात हलकासा पसरलेला. एवढ्या वर्षांत अशी चूक झाली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. चारला पाच कमी होते. तिनं पत्रा दुकानाच्या भिंतीला टेकवला आणि टर्पेंटाइनचा बोळा शोधायला लागली.

बोळा घेऊन वळली, तर रस्त्याच्या पलीकडं गुरुप्रसाद उभा होता. एक डोळा मिटून, हात ताणून, अंगठा वर करून. मधून ट्रक चालले होते, हॉर्न वाजत होते, याला कशाचं भान नव्हतं.

“येऊ नका!” ती ओरडली. “चुकलंय! पुसायले मी!”

“पुसू नका!”

तो रस्ता कसा ओलांडून आला ते त्यालाच ठाऊक. एका ट्रकवाल्यानं त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. आला आणि त्यानं थेट तिचं मनगटच धरलं, बोळ्यासकट.

“पुसू नका, प्रतीक्षा... तिकडून फक्त एक मुलगी दिसते. मग दिवा दिसतो. मग कळतं की तो तिच्या हातात नाहीच. माझ्या पाठीतून सरकन काटा गेला. हीच ती चप्पल. चौथी जोडी!”

“पण मी चुकून...”

“चुकून कसं काय?”

आता काय सांगणार? वाट बघण्यात लक्ष होतं म्हणून? त्यानं मनगट अजून सोडलं नव्हतं. टर्पेंटाइनच्या वासात ती दोघं तशीच उभी राहिली, आणि आतून बलभीम पेंटरांनी विचारलं, “बोळा सापडला का गं?”

पत्रा जाड चादरीत गुंडाळून त्यानं गाडीला बांधला. जाताना म्हणाला, “दसऱ्याला सांगायला येतो.”

उत्सव सुरू झाला त्या दिवशी मोबाइलवर एक ओळ आली, ‘चित्र लागलं.’ त्यानंतर काही नाही. हमरस्त्यावरून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांच्या रांगा लागल्या, ओसरल्या. दसरा आला. प्रतीक्षानं नवी ओढणी घेतली, आपट्याची पानं ताटात ठेवली आणि संध्याकाळपर्यंत दारात चार वेळा झाडलं. कुणी आलं नाही. फोन होता की हातात. बोट त्याच्या नावापर्यंत जायचं आणि माघारी यायचं. चित्र चाललं नसेल तर तो हैदराबादला जाणार. चाललं असेल तर त्याला जळकोटला यायचं कारणच उरलं नाही. कुठूनही बघितलं तरी उत्तर एकच यायचं, आणि ते उत्तर तिला अजिबात नको होतं. हो, आवडत होता तो तिला. लई आवडत होता. स्वतःशी कबूल करायला आता कसली लाज?

महिन्याचा शेवटचा दिवस. ढाब्याशेजारी टायरच्या दुकानाचा बोर्ड बसवला होता. बलभीम पेंटर शिडीवर, आणि प्रतीक्षा रस्त्याच्या या कडेला, एक डोळा मिटून, अंगठा पुढं करून. बोर्ड काही केल्या नीट दिसेना. तिनं हात जरा बाजूला वळवला, नळदुर्गच्या दिशेला. तिकडं, रस्ता जिथं आभाळाला टेकतो तिथं, नखाएवढी एक मोटरसायकल होती.

तिनं ओळखली. नुसती टिंबाएवढी होती, तरी ओळखली. मग तिला मागच्या बाजूला बांधलेलं बोचकं दिसलं. उद्या एक तारीख. हा रस्ता हैदराबादलाच जातो. तिनं अंगठा तसाच धरून ठेवला.

मोटरसायकल मोठी मोठी होत आली आणि तिच्या पुढ्यात थांबली.

“कुठं जायचंय?”

“मला कुठं जायचंय?” तिचा आवाज फुटला. “तुमीच निघालाव की! दसऱ्याला येणार व्हता. बोचकं बांधून आलाव आता, जाता जाता तोंड दाखवायला?”

तो गाडीवरून उतरला. त्यानं बोचक्याची दोरी सोडली, चादर बाजूला केली. आत पत्रा होता. पाण्यातला पिवळा दिवा उन्हात लखलखत होता.

“याच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव नाही,” तो म्हणाला. “तात्यांच्या ध्यानात आलं. म्हणाले, ज्या पोरीनं हे काढलं तिची सही आणल्याशिवाय घरात टांगायचं नाही.”

“तात्या म्हणाले?”

“नऊ हजार लोकांनी ‘तळ’ यादीत टाकलाय, प्रतीक्षा. कुठल्या कुठल्या देशांतले. सगळ्यांचा प्रश्न एकच, दिवा पाण्यात का? आठ दिवस उत्तरं देत बसलो होतो. हैदराबादला कळवून टाकलं, येत नाही म्हणून.”

तिला हसावं की रडावं ते कळेना. “मग फोनवर सांगायला काय झालं व्हतं?”

“फोनवर सांगायचं नव्हतं.” तो अडखळला. “तुम्ही म्हणाला होता ना... एकच ठेवायचं. बाकी सगळं काढून टाकायचं. मी बसून काढत गेलो. हैदराबाद काढलं. लोक काय म्हणतील ते काढलं. गेमसुद्धा बाजूला करून बघितला जरा वेळ... शेवटी तूच उरलीस.”

ट्रक गेला, एसटी गेली. प्रतीक्षानं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले आणि हनुवटी वर केली.

“नखाएवढी दिसले तरी ओळखशील?”

“पहिल्याच दिवशी ओळखलं की.”

“कुठं ओळखलं? लिफ्ट मागायली वाटली तुला!”

“मग नव्हतीस का मागत?”

रस्त्यापलीकडं शिडीवर बलभीम पेंटर ब्रश कानावर खोचून बघत होते. बघता बघता त्यांनी पाठ फिरवली आणि कोरड्या बोर्डावर उगीचच फडकं मारायला लागले. “सही करून दे आधी त्येला,” तिकडूनच म्हणाले. “आन् दिवे लागायच्या आत माघारी या.”

प्रतीक्षानं त्याच्याकडं पाहिलं. मग उजवा हात सरळ पुढं ताणला आणि अंगठा वर केला. या वेळी दोन्ही डोळे उघडे ठेवून.